सलाम पोहोचवणारा मुसाफिर

इब्न बतूता हे नाव आपल्याकडे अनेकांच्या कानावर पडले ते २०१० च्या ‘इश्किया’ चित्रपटातल्या गाण्यामुळे. गाण्यातला इब्न बतूता गमतीचा आहे. खरा इब्न बतूता चौदाव्या शतकातला, मोरोक्कोतल्या टँजियर बंदराचा, काझींच्या घराण्यात जन्मलेला. आयुष्यातली जवळपास तीस वर्षे तो फिरत होता, आणि त्याने कापलेले अंतर एक लाख किलोमीटरहून अधिक भरेल असा अभ्यासकांचा अंदाज आहे. शाळेत तो मुहम्मद तुघलकाच्या धड्यात दोन ओळींपुरता भेटतो. त्याचा ‘रिहला’ हा प्रवासग्रंथ मात्र हाती घेतला की एक गोष्ट लगेच जाणवते. हा माणूस नकाशे पाहून फिरलेला नाही, लोकांना विचारत विचारत फिरला आहे. सराईत, मशिदीच्या ओसरीवर, बंदराच्या धक्क्यावर, इफ्तारच्या दस्तरखानावर जो भेटेल त्याच्याशी बोलायचे. तुम्ही कुठून आलात, पुढे कुठे, वाटेत पाणी कुठे, लुटारू कुठे, कोणत्या गावात उतरायला जागा मिळते, हे सगळे समजून घ्यायचे आणि त्यातून स्वतःचा पुढचा बेत ठरवायचा.

त्याचा जन्म १३०४ च्या फेब्रुवारीतला. १३२५ च्या जूनमध्ये, एकविसाव्या वर्षी, तो हजला निघाला. आईवडील हयात होते, आणि त्यांना सोडून निघताना आपल्याला फार जड गेले असे त्याने सांगितले आहे. सोबत कोणी नव्हते. तिलिमसान शहरात पोहोचला तेव्हा ट्युनिसच्या सुलतानाचे दोन वकील त्याच दिवशी तिथून बाहेर पडत होते. कोणीतरी त्याला सुचवले की यांच्या सोबतीने जा, रस्ता सुखरूप होईल. त्याने लगेच हो म्हटले नाही. इस्तिखारा केला, म्हणजे योग्य निर्णयासाठी अल्लाहकडे कौल मागण्याची नमाज पढला, गरजेच्या वस्तू घेतल्या आणि तीन दिवसांनी त्यांच्या मागोमाग निघून त्यांना गाठले. उन्हाळा कडक होता. वकील आजारी पडले, त्यांतला एक वाटेतच वारला.

पुढे बिजायाला स्वतः इब्न बतूताला ताप भरला. बरोबरच्या एका प्रवाशाने, अल्‌-झुबैदीने, त्याला बरे होईपर्यंत थांबायला सांगितले. तरुण काही ऐकेना. मरण यायचेच असेल तर हिजाझच्या वाटेवर यावे, असा त्याचा हट्ट. तेव्हा अल्‌-झुबैदीने दुसरा, जास्त उपयोगाचा सल्ला दिला : तुझे जनावर आणि जड सामान इथेच विकून टाक, मी तुला स्वारीला जनावर आणि राहायला तंबू देतो, पुढच्या टापूत लुटारू टोळ्या आहेत, तिथून हलके होऊन झपाट्याने जायला हवे. प्रवासात सामान कमी ठेवावे हे आज कोणीही सांगतो. पण सल्ल्याबरोबर स्वतःचे जनावर देणारा विरळा. पुढच्या टप्प्यात अंगात इतकी अशक्तता होती की घसरून पडू नये म्हणून त्याने पागोट्याच्या कापडाने स्वतःला खोगिराला बांधून घेतले होते.

ट्युनिसला काफिला पोहोचला. गावातले लोक सामोरे आले, ओळखीपाळखीचे एकमेकांना भेटू लागले. याच्या ओळखीचे कोणी नव्हते, त्यामुळे याला कोणी सलामही केला नाही. त्याला रडू कोसळले. ते पाहून एक हाजी जवळ आला, त्याने सलाम केला, विचारपूस केली आणि शहरात शिरेपर्यंत त्याच्याशी बोलत राहिला. त्या हाजीने फार काही केले नाही, परंतु म्हातारपणी आपला ग्रंथ सांगताना इब्न बतूताला तो विसरलेला नव्हता. त्या वर्षीची रमजान ईद ट्युनिसमध्येच झाली. तिथून हजचा काफिला निघाला तेव्हा लोकांनी या तरुणालाच काफिल्याचा काझी नेमले.

१३२६ च्या एप्रिलमध्ये तो अलेक्झांड्रियाला आला. तिथे बुरहानुद्दीन नावाचे एक बुजुर्ग होते, पायाने अधू म्हणून लोक त्यांना अल्‌-आरज म्हणत. त्यांनी पोरात प्रवासाची ओढ ओळखली आणि एक काम सांगितले. त्यांचे एक बंधू फरीदुद्दीन हिंदुस्थानात, दुसरे रुकनुद्दीन सिंधमध्ये, तिसरे बुरहानुद्दीन चीनमध्ये. तिघांना भेटून त्यांचा सलाम सांगायचा. तोवर इब्न बतूताच्या मनात मक्केपलीकडचा विचारही नव्हता. सूफी परिभाषेत बंधू म्हणजे सख्खा भाऊच असे नाही, एका वाटेवरचा माणूसही बंधूच. हा निरोप मात्र त्याने मनात जपला. पुढे सिंध आणि पंजाबात त्याने दोन सलाम पोहोचवले, तिसरा चीनमध्ये. चीनच्या राजधानीपर्यंत तो खरोखर गेला का, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. त्याचे स्वतःचे म्हणणे मात्र तिघेही भेटले असेच आहे.

सगळ्यांचे सल्ले त्याने मानले असेही नाही. नाईलच्या काठाने वर जाताना हू गावच्या एका सय्यदांनी त्याला सांगितले की पहिली हज तुला या वाटेने घडायची नाही, सीरियाच्या वाटेने जा. तो तसाच पुढे तांबड्या समुद्रावरच्या ऐदाब बंदराला गेला. तिथे स्थानिक बेजा राजाची आणि मिसरी फौजेची लढाई जुंपलेली, जहाजे बुडवलेली. बरोबरची शिधासामग्री विकून उलट्या पावली सगळी वाट परत करावी लागली.

आणि म्हणून तो १३२६ च्या रमजानात, नऊ तारखेला, दमास्कसला पोहोचला.

प्रवाशाला रमजानचे रोजे पुढे ढकलण्याची मुभा असते. मुक्कामी पोहोचल्यावर किंवा नंतर तितके दिवस तो भरून काढतो. पण दमास्कसला आलेल्या परक्या माणसाला रोजा धरावासाच वाटावा अशी तिथली रीत होती. त्या शहरात रमजानच्या रात्री कोणी एकटा रोजा सोडत नाही, असे त्याने नोंदवले आहे. अमीर, काझी आणि बडे लोक आपल्या मित्रांना व गोरगरिबांना बोलावतात, व्यापारीही तसेच करतात, आणि ज्यांच्याकडे फारसे नसते ते आपापल्या घरचे जे असेल ते घेऊन एखाद्याच्या घरी किंवा मशिदीत जमतात. तिथल्या वक्फांबद्दलही त्याने कौतुकाने लिहिले आहे. वक्फ म्हणजे धर्मादाय म्हणून कायमची दिलेली मिळकत. प्रवाशांना जेवण, कपडा आणि घरी परतायचा खर्च देणारे वक्फ तिथे होते, फुटलेल्या भांड्यांसाठीसुद्धा एक वक्फ होता. एका गुलाम पोराच्या हातून चिनी मातीची थाळी फुटली आणि पोरगा भेदरला, तेव्हा लोकांनी त्याला तुकडे गोळा करून त्या वक्फाच्या व्यवस्थापकाकडे न्यायला सांगितले, आणि नव्या थाळीचे पैसे त्याला मिळाले. हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले.

दमास्कसमध्ये नूरुद्दीन सखावी या मालिकी पंथाच्या शिक्षकांशी त्याचा स्नेह जमला. रोज रात्री माझ्याकडे रोजा सोडायला ये, असा त्यांचा आग्रह. चार रात्री तो गेला, पाचव्या रात्री ताप आला म्हणून गेला नाही. नूरुद्दीननी माणूस पाठवला. आजाराची सबब त्यांनी चालू दिली नाही, उलट त्याला घरीच ठेवून घेतले. हे घर तुझे समज, तुझ्या बापाचे किंवा भावाचे समज, असा त्यांचा भाव होता. हकीम बोलावला, तो सांगेल ती औषधे आणि पथ्याचे पदार्थ घरात करवून घेतले. ईदच्या दिवशी तो उठून नमाजला गेला आणि बरा झाला. तोवर जवळचे पैसे संपले होते. नूरुद्दीननी त्याच्यासाठी उंट भाड्याने घेतले, वाटेची शिदोरी दिली आणि वर अडीनडीला म्हणून रोख रक्कमही दिली. त्याच दिवशी हजचा काफिला निघाला. मक्केला तो पोहोचला तो या उंटांच्या जोरावर.

यानंतरच्या प्रवासाची नुसती नावे लिहिली तरी पान भरेल. इराक, इराण, येमेन, पूर्व आफ्रिकेचा किनारा, पुन्हा मक्का, मग अनातोलिया म्हणजे आजचे तुर्कस्तान. शक्यतो एकदा केलेली वाट पुन्हा करायची नाही असा त्याचा नेम होता, त्यामुळे दोन गावांमधले अंतर त्याच्याकडे नेहमी वाढतच जाई.

अनातोलियातला एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. लादिक (आजचे देनिझली) गावात शिरताना बाजारातून काही लोक धावत आले आणि त्यांनी घोड्यांचे लगाम धरले. दुसरा जमाव आला, दोन्हींत जुंपली, सुरेही निघाले. त्याला तुर्की येत नव्हती. हे लुटारूच आहेत अशी त्याची खात्री झाली. शेवटी अरबी जाणणारा एकजण आला आणि खुलासा झाला. ते तरुणांच्या दोन ‘आखी’ मंडळांचे लोक होते. कारागिरांची ही मंडळे दिवसभर काम करत, संध्याकाळी कमाई एकत्र करून त्यातून पाहुण्यांना जेवू घालत. पाहुणे आधी कोणाकडे उतरणार, यावर भांडण चालले होते! चिठ्ठ्या टाकून निकाल लागला.

भाषेच्या अडचणीवर त्याने त्याच मुलुखात एक दुभाष्या हाजी ठेवला. हा गृहस्थ खर्चातले पैसे मारायचा. ते कळूनही त्याच्याशिवाय भागत नसे, म्हणून रोज रात्री मंडळी त्यालाच विचारत की आज किती मारलेस, आणि तोही प्रामाणिकपणे आकडा सांगे, सगळे हसत.

१३३३ च्या सप्टेंबरात तो सिंधू नदीवर आला. हिंदुस्थानात येणाऱ्या परदेशी लोकांत एक माहिती तोंडोतोंडी फिरत होती : सुलतान मुहम्मद तुघलकाला नजराणा द्यावा लागतो आणि तो त्याच्या कितीतरी पट परत देतो. त्यावर व्यापाऱ्यांचा धंदा उभा होता. ते नवख्या पाहुण्यांना घोडे, सामान, पैसे उधार देत आणि सुलतानाकडून बक्षीस मिळाले की वसूल करत. इब्न बतूताने गझनीत इराकमधल्या तिक्रितच्या एका व्यापाऱ्याकडून तीसएक घोडे आणि बाण लादलेला उंट घेतला. सल्ला चुकीचा नव्हता. सुलतानाने त्याला दिल्लीचा काझी केले, वर्षाला १२,००० दिनार पगार दिला. पण उसने घेऊन थाटात राहायची सवय लागली ती लागलीच. कर्ज ५५,००० दिनारांवर गेले. देणेकरी महालाच्या दारात उभे राहून ओरडू लागले, आणि शेवटी सुलतानानेच ते फेडले.

१३४२ मध्ये सुलतानाने त्याला वकील म्हणून चीनला पाठवले. समुद्राकडे जाताना तो आपल्या मुलुखातून गेला. दौलताबादेत त्याला देवगिरीच्या तळघरातल्या मांजरापेक्षा मोठ्या उंदरांची गोष्ट कळली, ती तिथे कैदेत काढलेल्या एका अफगाण सरदाराने सांगितलेली. तिथली द्राक्षे आणि डाळिंबे त्याच्या लक्षात राहिली. तिथल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या मोठ्या बाजाराचेही त्याने वर्णन केले आहे. दुकानात गाणारी झोपाळ्यावर बसते; आणि त्याच बाजारात मशिदी आहेत, तिथे रमजानात तरावीहची, म्हणजे रात्रीची खास नमाज होते. नंदुरबारला त्याने मराठे पाहिले : कारागिरीत निपुण, वैद्यक व ज्योतिष जाणणारे, अन्न भात, भाज्या आणि तिळाचे तेल, जीवहत्या न आवडणारे, जेवणाआधी आंघोळ करणारे. मराठी माणसाचे परक्याने केलेले इतके जुने आणि इतके जवळून केलेले वर्णन फार नाही.

खंबायतच्या आखातातून तो जहाजावर चढला. गोव्याच्या दक्षिणेला एका बेटावर, अभ्यासकांच्या मते अंजदीववर, देवळाच्या भिंतीला टेकून एक जोगी बसला होता. तो बोलेना. इब्न बतूताच्या हातातली जपमाळ त्याने पाहिली, ती याने त्याला देऊन टाकली. जोग्याने आकाशाकडे आणि मग मक्केच्या दिशेला बोट केले, आणि निघताना हसत याच्या हातावर दहा दिनार ठेवले.

कालिकतला चीनची तेरा मोठी जहाजे उभी होती. चांगल्या खोल्या चिनी व्यापाऱ्यांनी जायच्या-यायच्या प्रवासासाठी आधीच धरून ठेवलेल्या. याला मिळाली ती खोली शौचालयाशिवायची. (या सोयीला त्याच्या अरबी मजकुरात आपल्या ‘संडास’शी जुळणारा शब्द आहे.) त्याने तक्रार केली, तेव्हा लहान जहाजावर जा, तिथे ऐसपैस जागा मिळेल, असे सुचवले गेले. सामान आणि नोकरचाकर तिकडे हलले, तो स्वतः जुम्याच्या नमाजसाठी किनाऱ्यावर राहिला. वादळ आले. सुलतानाच्या भेटवस्तूंचे मोठे जहाज फुटले, त्यावरचे लोक मेले. लहान जहाज त्याला न घेताच निघून गेले. त्याच्याजवळ उरले काय, तर अंथरायची सतरंजी आणि जोग्याने दिलेले दहा दिनार.

त्यानंतर होनावरच्या सुलतानाबरोबर तो गोव्यावरच्या समुद्री हल्ल्यात सामील झाला आणि ते त्याने अभिमानाने सांगितले. वाटेत विकत घेतलेल्या दासींचा उल्लेखही तो सामानाच्या यादीसारखा करतो. वाचताना इथे त्याच्याबद्दलची आपुलकी कमी होते, आणि व्हायलाच हवी. घरच्या माणसांशीही त्याचे वागणे फारसे वेगळे नव्हते. दमास्कसला लग्नाची एक बायको त्याने गरोदर असताना सोडली होती. तिला मुलगा झाल्याचे त्याला हिंदुस्थानात कळले; त्याने मुलाच्या आजोबांकडे चाळीस सोन्याचे दिनार पाठवले आणि पुढे निघाला.

मालदीव, श्रीलंका, बंगाल, सुमात्रा करत तो चीनला पोहोचला. तिथल्या एका शहरात अल्‌-बुशरी नावाचा एक श्रीमंत मुसलमान भेटायला आला. बोलता बोलता हा सबत्याचा, म्हणजे टँजियरच्या शेजारच्या गावचा निघाला. दोघेही रडले.

१३४८ मध्ये तो परत दमास्कसला आला. बावीस वर्षे झाली होती. मशिदीत त्याला ओळखीचा एकच चेहरा दिसला, नूरुद्दीन सखावींचा. त्याने सलाम केला. त्यांनी ओळखले नाही. नाव सांगावे लागले. मग त्याने आपल्या मुलाची चौकशी केली, आणि मुलगा बारा वर्षांपूर्वीच गेल्याचे कळले. शहरात टँजियरचा एक विद्वान उतरला आहे असेही नूरुद्दीननी सांगितले. त्याच्याकडून समजले की वडील पंधरा वर्षांपूर्वी वारले, आई अजून आहे. त्याच वर्षी अलेप्पोत तो तिक्रितचा घोड्यांचा व्यापारी भेटला. याच्यासारख्या प्रवाशांवर पैसा करून तो आता बडा व्यापारी झालेला, आणि हा लुटला जाऊन रिकाम्या हाताने आलेला. व्यापाऱ्याने काहीही मदत केली नाही. इब्न बतूताने हे नावासकट नोंदवून ठेवले आहे.

त्या उन्हाळ्यात सीरियात प्लेगने थैमान घातले. दमास्कसच्या अमीराने सगळ्या शहराला तीन दिवस रोजे धरायला सांगितले. मग शुक्रवारी सगळे अनवाणी निघाले. मुसलमान कुराण घेऊन, यहुदी तौरात घेऊन, ख्रिस्ती इंजील घेऊन, बायका आणि मुलेही. सारे शहराबाहेरच्या एका मशिदीपर्यंत रडत, दुआ मागत चालत गेले. इब्न बतूता हे बघायला तिथे होता. घराच्या वाटेवर मोरोक्कोतल्या ताझा गावी त्याला कळले की आईही प्लेगने गेली.

घरी तो फार थांबला नाही. १३५२ मध्ये सहारा ओलांडून माली राज्यात निघताना वाळवंटाच्या तोंडाशी सिजिलमासा गावात चार महिने मुक्काम झाला, आणि उतरला तो अल्‌-बुशरीच्या भावाकडे. एक भाऊ चीनमध्ये, दुसरा सहाराच्या काठी. दोघांच्याही घरचे मीठ खाल्लेला हा माणूस त्यांच्यामध्ये किती अंतर आहे याचे नवल करत राहिला.

पुढे फेजच्या सुलतानाच्या सांगण्यावरून त्याने सगळे प्रवास इब्न जुझय्य या लेखनिकाला सांगितले. टिपणे वाटेत लुटारूंनी नेलेली, म्हणून बहुतेक आठवणीवरच. ग्रंथ डिसेंबर १३५५ मध्ये पुरा झाला. दरबारात अनेकांनी त्याला थापाड्या ठरवले. इतिहासकार इब्न खल्दूननेही वजिराकडे शंका काढली, तेव्हा वजिराने त्याला एक गोष्ट सांगितली. तुरुंगात वाढलेल्या एका मुलाने उंदराखेरीज दुसरा प्राणी पाहिला नव्हता. बाप त्याला मेंढीचे वर्णन करून सांगे, आणि मुलगा दरवेळी विचारी की म्हणजे ती उंदरासारखी का.

इब्न बतूताने शेवटची वर्षे मोरोक्कोतच एका गावी काझी म्हणून काढली आणि १३६८-६९ च्या सुमारास तो वारला. टँजियरच्या जुन्या वस्तीत, चढाच्या अरुंद गल्लीत, त्याची म्हणून एक कबर दाखवतात. ती त्याचीच असे खात्रीने कोणी सांगू शकत नाही. प्रवासी मात्र वाट विचारत तिथपर्यंत जातात.